दारू आणि तंबाखू सोडताना: काय एकदम थांबवावे आणि काय डॉक्टरांच्या देखरेखीखाली

दारू आणि तंबाखू ही दोन व्यसने बहुधा हातात हात घालून येतात, त्यांच्याविषयीचा उपदेशही एकाच दमात केला जातो, आणि त्यातून एक घातक गैरसमज पसरतो: मनाचा निग्रह झाला की दोन्ही एकाच रीतीने, आजच्या आज, घरबसल्या सोडता येतात. तंबाखूच्या बाबतीत हे खरे आहे. ती एकदम थांबवली तर माणूस काही आठवडे चिडचिडा आणि अस्वस्थ होतो, त्याची झोप बिघडते, पण त्या थांबवण्याने जीव जात नाही. दारूचे तसे नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने ती अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे माणसे नेमकी सुधारण्याच्या प्रयत्नात असताना जिवाला मुकतात. म्हणून दोन्ही पदार्थ शरीरात काय करतात हे समजून घेऊन मगच सोडण्याची आखणी करावी, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: प्रामाणिक मोजमाप

किती पेले घेतले हे मोजून काही कळत नाही, कारण पेल्याचा आकार आणि दारूची तीव्रता दोन्ही बदलत असतात. मोजायचे ते शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. बाटलीवर लिहिलेल्या टक्केवारीला मिलिलिटरने गुणावे, १०० ने भागावे आणि उत्तराला ०.८ ने गुणावे. ५ टक्के तीव्रतेच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असते. १२ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे ७२ ग्रॅम, तर ४० टक्क्यांच्या तेवढ्याच कडक दारूमध्ये सुमारे २४० ग्रॅम. यकृत ताशी ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटून काढते, आणि हा वेग कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने किंवा घाम गाळून वाढवता येत नाही. रात्री उशिरापर्यंत कडक दारूची अर्धी बाटली संपवणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळीही दारू असते, ती या हिशेबाने.

प्रमाणाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अवलंबित्व. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात ० ते ४० गुण असतात. ८ किंवा त्याहून अधिक गुण धोकादायक पिण्याकडे बोट दाखवतात, आणि २० च्या पुढे शरीर दारूवर अवलंबून असण्याची दाट शक्यता असते. ही चाचणी हाताशी नसेल तर निदान चार प्रश्न स्वतःला विचारावेत. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घाम फुटतो का, मळमळते का, आणि हे सारे घोटभर दारूने शांत होते का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती का? त्या वेळी नसलेले आवाज किंवा आकृत्या जाणवल्या होत्या का? रोज पिण्याला किती वर्षे झाली? पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दारू थांबवण्याचा निर्णय तुमचा असला तरी ती कशी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायला हवे.

तंबाखूचे मोजमाप सोपे आहे. दिवसाला किती सिगारेटी, विड्या किंवा तंबाखूच्या चिमटी लागतात हे मोजावेच, पण अवलंबित्व खरे कळते ते सकाळी उठल्यानंतर पहिली तलफ किती वेळात येते यावरून. अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर अवलंबित्व मोठे आहे, आणि नुसत्या निग्रहावर विसंबण्यापेक्षा औषधांची मदत घेणे शहाणपणाचे आहे.

तंबाखू शरीरात काय करते

धुरातले निकोटीन झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन मोकळे करते. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते, मेंदू पुन्हा मागणी करतो, आणि पुढची सिगारेट त्या मागणीतून पेटते. तंबाखूने ताण हलका होतो असे वाटते. पण प्रत्यक्षात हलकी होते ती मागच्या सिगारेटीचा अंमल उतरताना आलेली अस्वस्थता. सोडल्यानंतर काही महिन्यांनी बहुतेकांचे मन आधीपेक्षा शांत असते, ते यामुळेच.

निकोटीन व्यसन लावते, पण शरीराची मुख्य हानी करतात ते तंबाखूतील आणि धुरातील इतर घटक. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांतली किमान ६९ कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे हृदयाला आधीच अपुरा पडणारा ऑक्सिजन आणखी कमी मिळतो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि हृदयविकार, पक्षाघात, पायांच्या रक्तवाहिन्या आकसणे हे विकार ओढवतात. ‘मी दिवसाला एखादीच ओढतो’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: दिवसाला एका सिगारेटीने हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, तो वीस सिगारेटींच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, विसावा भाग नव्हे. चघळण्याची तंबाखू धूर करत नाही म्हणून सुरक्षित ठरत नाही. तिच्यातल्या नायट्रोसमाइन या रसायनांमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो.

सोडण्याचा फायदा किती, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांवर सुरू केलेल्या अभ्यासातून मिळाले. पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००४ मध्ये असे दिसले की आयुष्यभर सिगारेट ओढणारे लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे लवकर मरतात. तिशीत सोडणाऱ्यांची ही दहाच्या दहा वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा आणि साठीत सोडणाऱ्यांची तीन. साठीच्या माणसाला ‘आता काय उपयोग’ असे वाटते. त्याला ही तीन वर्षे आवर्जून सांगावीत.

दारू शरीरात काय करते

यकृत अल्कोहोलचे रूपांतर प्रथम असिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात करते आणि मग त्याचे निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये. मधल्या टप्प्यातले असिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. दारू उंची आहे की साधी याने काही फरक पडत नाही, कारण इजा करणारा रेणू एकच आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

यकृतावरचा परिणाम टप्प्याटप्प्याने होतो आणि त्यातच आशेची जागा आहे. पहिल्या टप्प्यात यकृतात चरबी साठते. भरपूर पिणाऱ्या बहुतेक सर्वांना ती होते, तिची लक्षणे जाणवत नाहीत, आणि दारू पूर्ण थांबवल्यास काही आठवड्यांत ती ओसरते. पुढे यकृताला सूज येते, आणि त्यानंतर त्याच्या जागी कडक तंतूंचे जाळे तयार होते, ज्याला सिरोसिस म्हणतात. सिरोसिस सहसा पूर्ववत होत नाही, तरीही त्या टप्प्यावर दारू सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा निश्चितपणे वाढते. पोटात पाणी होणे, कावीळ, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

याखेरीज दारूने रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात, स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते, आणि झोप लागली तरी उत्तररात्री ती तुटत राहते. गर्भारपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, कारण ती वारेतून थेट बाळाच्या रक्तात पोहोचते.

दोन्ही एकत्र घेतल्यास तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नव्हे, तर गुणाकाराच्या रीतीने वाढतो. दारू तोंडाच्या आतल्या त्वचेला अशी करून ठेवते की तंबाखूतली विषारी द्रव्ये तिच्यात सहज मुरतात.

दारू कशी थांबवावी

रोजच्या दारूला मेंदू स्वतःला जुळवून घेतो. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबते. तोल राखण्यासाठी मेंदू उलट बाजूला जोर लावत जातो. दारू एकाएकी काढून घेतली की हा जोर मोकळा सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, छाती धडधडते आणि बेचैनी वाढते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. नसलेले आवाज आणि दृश्ये याच काळात जाणवू लागतात. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना गंभीर भ्रमावस्था येते: माणूस दिवस, जागा आणि घरची माणसे विसरतो, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी बेफाम होतात. ही अवस्था रुग्णालयातच हाताळायची असते. घरी दार लावून ‘उतरेल आपोआप’ म्हणत बसणे जिवावर बेतते.

म्हणून अवलंबित्वाची लक्षणे असतील तर क्रम असा ठेवावा. प्रथम डॉक्टरांना भेटावे आणि रोजचे ग्रॅम, शेवटचा पेला कधी घेतला, आधीच्या फिट, इतर आजार आणि चालू औषधे हे सारे काही न लपवता सांगावे. ही भेट होईपर्यंत दारू अचानक बंद करू नये, पण वाढवूही नये. सौम्य अवलंबित्व असलेल्या आणि घरी जबाबदार सोबत असलेल्या माणसाचे उपचार घरीही होऊ शकतात. आधी फिट किंवा भ्रम झालेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा गंभीर आजार असलेल्या माणसाने दाखल व्हावे. डॉक्टर सहसा मेंदूला शांत करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे ठरावीक दिवस, उतरत्या मात्रेत देतात. ही औषधे दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरून स्वतः घेऊ नयेत, कारण दारूच्या सोबत ती श्वास मंदावतात.

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१ याकडे फार दुर्लक्ष होते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात त्याची तूट असते, आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाऊ शकते. गोंधळलेपण, झोकांड्या जाणे आणि डोळ्यांची हालचाल बिघडणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला शिरेतून ग्लुकोज देण्याची वेळ आली तर थायमिन त्याच्या आधी किंवा सोबत द्यावे लागते. म्हणून दारूचा इतिहास आपत्कालीन विभागात सर्वांत आधी सांगावा, लाजेपोटी मागे ठेवू नये.

पहिला आठवडा पार पडला की खरे काम सुरू होते. पुन्हा पिण्याची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. पहिले अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्यांना चालत नाही, दुसऱ्यासाठी मूत्रपिंडे नीट काम करत असावी लागतात. औषधांच्या जोडीला समुपदेशन किंवा स्वमदत गट असावा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ आज अनेक देशांत आहे, तेथे नाव सांगावे लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. पहिले काही आठवडे झोप वाईट लागते. ती दारूशिवाय बिघडली आहे असे समजून पुन्हा पेल्याकडे वळू नये, कारण ती बिघडवली आहे दारूनेच, आणि सुधारायला वेळ लागतो.

ज्यांच्यात अवलंबित्वाची कोणतीही लक्षणे नाहीत त्यांनी आठवड्याचे ग्रॅम लिहून काढावेत आणि थेट थांबावे किंवा उतरत्या क्रमाने शून्यावर यावे. अशा थांबण्यात त्यांना सहसा वैद्यकीय धोका नसतो.

तंबाखू कशी थांबवावी

पुढच्या दोन आठवड्यांतला एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी पूर्ण थांबावे. हळूहळू कमी करत जाणे अधिक सोपे वाटते, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७०० जणांवरच्या एका ब्रिटिश चाचणीत एकदम थांबवणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर तंबाखूमुक्त होते, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. माझे मतही एकदम थांबण्याच्या बाजूचे आहे, कारण कमी होत गेलेली प्रत्येक सिगारेट अधिकच मोलाची वाटू लागते. घर, गाडी, कपड्यांचे खिसे आणि कामाची जागा यांतली सारी तंबाखू, काडेपेट्या आणि राखदाण्या आदल्या रात्री काढून टाकाव्यात.

त्रास पहिल्या काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. चिडचिड, एकाग्रता न होणे, भूक वाढणे, बद्धकोष्ठता, झोपमोड हे सारे अपेक्षित आहे. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जागा बदलावी, पाणी प्यावे, कोणाशी तरी बोलावे; तलफ शमली नाही तरी ती सरते, हे एकदा अनुभवले की पुढच्या वेळी धीर येतो.

निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगम यांनी सोडण्यात यश मिळण्याची शक्यता वाढते, आणि पट्टीच्या जोडीला गम वापरणे हे दोहोंपैकी एक वापरण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणारा सहसा २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करतो आणि पुढच्या आठवड्यांत १४ आणि ७ वर उतरतो. पट्टी रोज नव्या जागी, स्वच्छ आणि केस नसलेल्या त्वचेवर लावावी. गमच्या बाबतीत चूक हमखास होते: लोक ते नेहमीच्या च्युइंगगमसारखे सतत चघळतात, निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी आणि मळमळ होते, आणि ‘हे चालत नाही’ म्हणून ते सोडून देतात. योग्य रीत अशी की चव तीव्र होईपर्यंत किंवा झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चघळावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चव ओसरली की पुन्हा चार-दोनदा चघळावे, असे अर्धा तास करावे. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचे रस आणि सोडा असलेली पेये टाळावीत, कारण आम्लामुळे निकोटीन तोंडातून शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचे गम लागते, इतरांना २ मिलिग्रॅमचे.

व्हॅरेनिक्लिन ही गोळी ठरवलेल्या दिवसाच्या एक ते दोन आठवडे आधी सुरू करून साधारण बारा आठवडे घेतात. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. बुप्रोपिऑन हे दुसरे औषध आहे, आणि येथे दोन्ही व्यसनांचा धागा जुळतो: त्याने फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून दारू अचानक थांबवत असलेल्या किंवा पूर्वी फिट आलेल्या माणसाने ते घेऊ नये.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. धुरातल्या डांबरामुळे यकृतातले एक विकर अधिक वेगाने काम करते आणि कॅफीन भराभर निपटले जाते. सिगारेट सुटली की हा वेग मंदावतो, आणि पूर्वीइतकीच कॉफी आता जवळजवळ दुप्पट लागू पडते. सोडल्यानंतरची धडधड आणि झोपमोड काही अंशी त्याचीच असू शकते, म्हणून कॉफी निम्म्यावर आणावी. क्लोझापिन, ओलान्झापिन किंवा थिओफिलिन घेणाऱ्यांनी तर सिगारेट सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते.

दोन्ही एकाच वेळी सोडावीत का? ‘आधी दारू सुटू द्या, तंबाखूचा आधार काढून घेऊ नका’ हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तंबाखू सोडल्याने दारू सोडण्यात अडथळा येतो असे संशोधनात दिसलेले नाही. दारूचे उपचार चालू असतानाच तंबाखूवरही उपचार मागावेत.

घरच्यांसाठी

दारूपासून परावृत्त करण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर असिटाल्डिहाइड साठून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धाप लागते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. काही कुटुंबे हताश होऊन ही गोळी माणसाच्या नकळत अन्नात मिसळतात. त्यामागचे दुःख मला समजते, तरीही हे कधीही करू नये. पिणाऱ्याला धोक्याची कल्पनाच नसते, आणि तो जितकी अधिक पितो तितका मृत्यूच्या जवळ जातो.

कोणी दारूने बेशुद्ध झाला असेल, हाक मारून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला एका कुशीवर झोपवावे म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्याच्या तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, गिळताना अडू लागले किंवा थुंकीतून रक्त आले, तर तपासणी लांबवू नये.

पुन्हा सुरू झाले तर

तंबाखूच्या बाबतीत एखादी सिगारेट ओढली गेली तर पट्टी किंवा गोळी तशीच चालू ठेवावी, कोणत्या क्षणी आणि कोणासोबत ती पेटली हे लिहून ठेवावे, आणि त्याच दिवसापासून पुन्हा थांबावे. बहुतेकांची तंबाखू पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही.

दारूच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. पुन्हा काही दिवस सलग पिणे झाले असेल तर मागच्या वेळी घरी निभावले म्हणून या वेळीही निभावेल असे धरून चालू नये, कारण दारू थांबवण्याची प्रत्येक फेरी मेंदूला अधिक संवेदनशील करत जाते आणि आधी नुसता कंप सुटलेल्या माणसाला पुढच्या वेळी फिट येऊ शकते. अशा वेळी शेवटचा पेला उतरण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, आणि याआधी किती वेळा थांबवली होती व प्रत्येक वेळी काय झाले होते, हे त्यांना पहिल्यांदा सांगावे.